उभ्या गाडीने प्यायलेलं तेल

मोटारसायकलच्या बाजूच्या टाकीतलं इंजिनाचं तेल पुन्हा कमी झालं होतं. थोरल्या जावयांनी तेल मोजायची काडी फडक्याने पुसून दुसऱ्यांदा बुडवली, तिसऱ्यांदा बुडवली, चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. स्वतःचं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या नजरेत चूक असणं शक्य नव्हतं. फरशीवर एक थेंब नाही, चार महिन्यांत गाडी जागची हललेली नाही, आणि तेल मात्र पार तळाला.

"साडूभाऊच!" ते दातओठ खात म्हणाले.

गाडी मूळची सासऱ्यांची. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी ती दोन्ही जावयांना मिळून दिली होती, सहा-सहा महिने वापरायला. जावई राहायचे एकाच गल्लीत समोरासमोर, त्यामुळे कोण काय करतो हे दोघांना खिडकीतून दिसायचं. धाकटे जावई आपल्या सहा महिन्यांत ती रोज पिटाळायचे. कचेरीत, बाजारात, मागे बायकोला बसवून कुठेही. आवाज ऐकून सासरे खूश व्हायचे. "गाडीवर हात बसलाय हो त्यांचा," असं चारचौघांत म्हणायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण असं एक वाक्य थोरल्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून आपली पाळी आल्यावर त्यांनी गाडीची अशी काही बडदास्त ठेवली की यंव. रोज पुसायची, पॉलिश करायचं, वर जुनी चादर घालायची. चालवायची मात्र नाही. चालवली की झिजते.

"अहो, चार महिने झाले," बायको म्हणायची. "नुसती चालू तरी करा. नाहीतर मी करते."

"किल्लीला हात लावायचा नाही!"

आता महिनाअखेरच्या रविवारी सासरे येणार होते. दर सहा महिन्यांची अदलाबदल पुरे झाली, गाडी कायमची कोणाकडे ठेवायची ते बघून ठरवतो, असा त्यांनी निरोप धाडला होता. आणि नेमकं आत्ताच तेल नाहीसं व्हावं? थोरल्यांनी मुकाट्याने एक डबा ओतला. आठवड्याने पुन्हा टाकी रिकामी. दुसरा डबा. मग तिसरा. मधल्या काळात त्यांनी पुढच्या चाकाला काळा दोरा बांधून पाहिला.

"दोरा तुटला का?" बायकोने विचारलं.

"नाही ना."

"किलोमीटरचा आकडा पुढे सरकला?"

"नाही. तीच तर मेख आहे! आकड्याची तार काढून चालवतो तो. आणि दोरा पुन्हा बांधतो. गाठसुद्धा हुबेहूब माझ्यासारखी. किती पाताळयंत्री माणूस!"

"आणि तेल घेऊन काय करतो? डोक्याला लावतो?"

संशयाला उत्तर लागतंच असं नाही.

रविवारी सासरे आले. समोरून धाकटे जावई पांढरीशुभ्र पँट घालून, हसत, आपलाच सत्कार असल्यासारखे आले. थोरल्यांनी चादर ओढली. गाडी लखलखत होती.

"वा!" सासरे म्हणाले. "एक ओरखडा नाही. लावा किक."

थोरल्यांनी किक मारली. किक खाली जाईना. त्यांनी दोन्ही पायांनी तिच्यावर उभं राहून पाहिलं. धाकटे तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं निमित्त करू लागले. तो खोकला ऐकून थोरल्यांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी जी उडी मारली, त्यासरशी गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून निळ्या धुराचा असा लोट निघाला की सासरे दिसेनासे झाले. आणि मग टाकीच्या झाकणाखालून काळं तेल भसाभस उसळलं आणि थेट धाकट्यांच्या पँटवर गेलं.

"बंद करा!" धुरातून सासरे ओरडले.

थोरल्यांनी गाडी बंद केली आणि साडूंकडे बोट दाखवलं. "बाबा, हे माझं तेल चोरतात!"

सासरे खोकत खोकत हसायला लागले. "अहो जावईबापू, तेल कुठे जातंय? जुनी गाडी आहे. आतली झडप सैल झालीय. उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं. चालू केली की आपोआप परत वर येतं. तुम्ही वरून ओतलंत की काय?"

"तीन डबे," थोरले पुटपुटले. मग एकदम साडूंकडे वळले. "तुमच्याकडे कधी कमी झालं नाही ते?"

"काय माहीत," धाकटे पँट झटकत म्हणाले. "मी ते झाकण कधी उघडलंच नाही."

थोरल्यांना तीन डब्यांपेक्षा हे जास्त झोंबलं.

तेवढ्यात थोरल्यांची बायको घरातून पाना आणि बादली घेऊन आली. पदर खोचून गाडीखाली वाकली, पोटाखालचा बोल्ट सैल केला, आणि जास्तीचं तेल बादलीत धरलं. बोल्ट आवळला, टाकीत काडी बुडवून पाहिली, हात पुसले.

"तुला हे येतं?" थोरल्यांनी आ वासला.

"कॉलेजला चार वर्षं हीच गाडी नेत होते मी. लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थट्टा करू नकोस."

सासऱ्यांनी दोन्ही जावयांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक जण नुसता बघत बसतो, दुसरा बघतच नाही," ते म्हणाले, आणि किल्ली थोरल्या लेकीच्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे."

तिने गाडीच्या टाकीवर हात फिरवला. "फार हाल केले ना गं तुझे राणी? चल, मोकळी हवा खाऊन येऊ." पहिल्या किकला गाडी सुरू झाली. समोरच्या घरातून धाकटी बहीण धावत आली आणि मागे बसली. दोघी हसत हसत गल्लीच्या टोकाला दिसेनाशा झाल्या. सासरे आत जाऊन आरामखुर्चीत बसले.

मागे दोघे साडू गुडघ्यांवर बसून फरशीवरचं तेल पुसत राहिले.

"मला टायफॉइड झाला होता," फडकं फिरवत थोरले म्हणाले, "तेव्हासुद्धा ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती."

"आमची तर माझ्यामागे डोळे मिटून बसते," धाकटे म्हणाले. "आज हसत होती, पाहिलंत?"

थोरल्यांनी फडकं बादलीत पिळलं आणि आवाज खाली आणला. "साडूभाऊ, ही गाडी आपण दोघांनी मिळून भंगारात घातली तर?"

धाकटे लगेच जवळ सरकले. "तुम्ही म्हणाल तेव्हा."