अण्णा सामंत आणि पियानोतला भुंगा

अण्णा सामंतांना आवाज सहन होत नाही, असं आमच्या अंधेरीच्या वाडीत सगळे म्हणत. ते साफ खोटं. लग्नाच्या बँडच्या गोंगाटात अण्णा गाढ झोपत. त्यांचं वैर होतं ते बारीक थरथरीशी. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी भटजींना भर कथेत थांबवलं, ताम्हनात किणकिणणारी पळी उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, "हं, आता चालू द्या."

पलीकडच्या बंगलीत मिस परेरा एकट्या राहत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पियानोवर एक ठरावीक सूर वाजला की भुंगा शिरल्यासारखी गुंईं ऐकू येई. हे अण्णांना कळलं मात्र, त्यांनी मोहीमच उघडली. रोज संध्याकाळी ते मलाही ओढून नेत. टीचरनी वाजवायचं आणि आम्ही खोलीतल्या वस्तूंवर तळहात दाबत फिरायचं.

"भुंगा पियानोत नसतो रे. आसपास कुठेतरी बसलेला असतो," अण्णा सांगत.

फुलदाणी बाहेर गेली. दिव्याची काच गेली. येशूची तसबीरसुद्धा टीचरना विचारून खाटेवर निजवली. गुंईं तशीच.

"एका सुरानं फसायचा नाही तो. अख्खं वाजवा, टीचर!"

टीचर अख्खं वाजवत. तेवढा वेळ अण्णा खिडकीशी डोळे मिटून उभे. मला वाटे, कान लावून शोधतायत.

गणपती गेले, दिवाळी आली. मी अगदी कंटाळून गेलो होतो. एक दिवस सहज भांड्यांच्या कपाटाच्या काचेला हात टेकला आणि गुंईं थांबली. हात काढला, सुरू. टेकवला, बंद.

"अण्णा, सापडला!"

अण्णांचा चेहरा पडला. "तिथे काही नाही. ते मी पहिल्याच दिवशी बघितलंय," असं घाईघाईनं म्हणत त्यांनी माझा हात काचेवरून ओढून काढला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दिल्लीला. काम नसताना एकट्या बाईच्या घरी रोज जाऊन बसणं वाडीत शोभलं नसतं. म्हणून हा भुंगा, आणि म्हणूनच सोबतीला मी. मला त्या घटकेला अण्णांबद्दल फार माया वाटली.

टीचरनी कपाटाकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"नाय ना मिळाला?" त्या म्हणाल्या. "मग उद्या पण या, अण्णा. पण असे उभे नको राहू. खुर्ची ठेवते, बसून शोधा."