निंबाआप्पांचा घडीचा चाकू

निंबाआप्पा चाकू पारखतात ते डोळे मिटून. उजवा हात पाठीमागे, डाव्या अंगठ्याने पातं उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. खाकी वर्दीतला हवालदार हा उद्योग करत असताना दुकानदार बिचारा गल्ल्यामागे जीव मुठीत धरून उभा असतो.

आप्पा आमचे शेजारी. मूळचे अमळनेरकडचे, ड्यूटी इथे सुरतेत, पर्वत पाटियाच्या चौकात. तिथे दुचाकीच्या चाकात कुणाची ओढणी अडकते, कुणाचा पदर. उतरायण, म्हणजे आपली संक्रांत, आलं की पतंगाचा मांजा गळ्याशी येतो. एका हाताने माणूस धरायचा, दुसऱ्याने कापायचं, म्हणून पातं एकहाती उघडायला हवं आणि टोक बोथट. एकदा दुकानदाराने हौसेने दातेरी, काळाकुट्ट चाकू पुढे केला. आप्पा म्हणाले, "माले कोनले मारानं शे का? सोडावानं शे."

आताचा चाकू घेताना त्यांनी तीन महिने घालवले. माझ्या स्कूटरच्या चाकात आईची जुनी साडी गुंडाळून चाचणी झाली. चाकू पास झाला, साडीची फडकी झाली. तेव्हापासून आप्पा दिसले की आई आधी वाळत घातलेल्या साड्या आत नेते. तो चाकू वर्दीच्या खिशात गोफाने बांधलेला असतो. पेरू कापायला मागितला तरी उत्तर ठरलेलं, "तो ड्यूटीवर शे."

परवा आमच्या मुलीची पाचवी होती. बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात. घरात विळा होता, पण आई हटून बसली. माणसं सोडवलेलं लोखंड घरात आलं तर बरं, असं तिचं म्हणणं. मी नको नको म्हणत असताना तिने आप्पांना विचारलंच. दुसऱ्या दिवशी उतरायण. आप्पांनी डोकं खाजवलं, टोपी घातली आणि निघून गेले. आईने तोंड फुगवून विळा घासायला घेतला.

संध्याकाळी आप्पा दारात. आंघोळ केलेले, पांढरा सदरा घातलेला. वर्दीबाहेर मी त्यांना प्रथमच पाहत होतो. ड्यूटीसाठी नवा चाकू घेऊन आले होते, तोही पाच मिनिटांत, दुकानदार म्हणेल तो. जुना त्यांनी धुऊनपुसून आणला होता. स्वतःच्या हाताने उशीखाली ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही.

"पोलिसाले लोक भांडनलेच बलावतस," ते बाळाकडे बघत म्हणाले.

निघताना उंबऱ्याशी घुटमळले. भर चौकात ट्रक अडवणारा हा माणूस आईशी बोलताना चक्क अडखळला.

"बहीन, मी रोज येऊ का? चाकू देखाले नही. पोरले देखाले."

आईने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "भाऊ, चहामा साखर किती लागस, तेवढं सांगा."