नसीमआपा आणि गुलाबाची बाटली

नसीमआपा माझ्या दुकानात बसतात आणि माझंच गिऱ्हाईक हाकलतात.

हातगाडीवर बांगड्या विकत विकत मी औरंगपुऱ्यात दुकान केलं. घाऊक व्यापाऱ्याकडून सवलत काढताना माझा आवाज चौकापर्यंत जातो. पण वरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या या म्हातारीपुढं माझं काही चालत नाही.

बायकांच्या नाजूक जागेच्या वासावर हल्ली नाना बाटल्या निघाल्यात. गुलाबाच्या, मोगऱ्याच्या, आतून धुवायच्या पिचकारीसकट. गिऱ्हाईक इकडंतिकडं बघून बोट दाखवतं, मी कागदात गुंडाळते, इतका सभ्य धंदा. तेवढ्यात स्टुलावरून आपा विचारतात, "काय गं, तिथं गुलकंद घालायचाय?"

बाई आल्या पावली परत. मी भडकते. आपा थंडपणे सांगतात की थोडा वास प्रत्येकीला असतोच, आतली जागा स्वतःला साफ ठेवते, बाहेरून साधं पाणी पुरतं. "बाई हाय, अत्तरदाणी नाय," हे त्यांचं ठरलेलं. आपांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी बाटल्या टिकल्यांच्या मागं लपवल्या, तर आपांनी त्यांच्यापुढं मेंदीच्या कोनांची भिंत रचली. चिडून मी स्टूल उचललं. दुसऱ्या दिवशी त्या वरून स्वतःचा वेताचा मोढा घेऊन आल्या.

परवा पिशोरची एक नवी सून आली. तिला पिचकारीच हवी होती. वास येतो म्हणून नवरा ओसरीवर झोपतो. ही रोज लिंबाच्या पाण्यानं आतून धुते, तरी वास वाढतोच, वर आग होते. मी बाटली काढली आणि आता गुलकंद येणार म्हणून दात आवळले. पण आपा उठून तिच्याजवळ गेल्या.

"धुतल्यानंच बिघडतं, बेटा. आतले चांगले जंतू मरतात. डॉक्टरला दाखव, औषधानं बरं होतं."

तोवर ते घरात येणार नाहीत, असं काहीसं ती पुटपुटली.

"मीपण धुवायचे. जंतुनाशक घालून, सोलवटेपर्यंत. दवाखान्याची लाज वाटायची. त्यांनी दुसरा निकाह केला, तरी मी धुतच होते."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. काढलेली बाटली मी परत टिकल्यांच्या मागं ठेवली.

आपांनी बुरखा सारखा केला, दवाखान्यात न्यायला पोरीला रिक्षात बसवलं. ती पुन्हा उतरू लागली. डॉक्टरीणबाईंना हे सांगायचं तरी कसं, म्हणाली.

आपा तिच्या शेजारी बसल्या. "लाज वाटली तर म्हण, आपाला होतंय. मी व्हय म्हणीन."