रिकाम्या डोक्यानं दहा पावलं

"पंधरा दिवसांत बुढीले तारेवर चालवतो, तू पाह्यच," असं किसनरावानं पोराला फोनवर ठणकावून सांगितलं, तेव्हा माणिकबाई बाजूलाच बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. एकावन्न वर्षांच्या संसारात तिनं किसनरावाचे असे पुष्कळ वायदे ऐकले होते. दोन तासांत मोटर दुरुस्त करतो म्हणाला, तेव्हा वावराला आठ दिवस पाणी नव्हतं. मिस्त्री काहून पाहिजे, छपराचे कवेलू मीच बदलतो म्हणाला, तेव्हा शेजाऱ्याच्या शिडीचे दोन तुकडे झाले. शेजारी अजून त्या शिडीचं नाव निघालं की उठून आत जातो.

पण या वेळी किसनरावाची स्वतःचीच मान अडकली होती. झालं होतं असं की पोरानं, म्हणजे गोवर्धननं, दिवाळीत हौसेनं घराला नवीन फरशी बसवून दिली. आरशासारखी. गोवर्धन राहतो अमरावतीला, कॉलेजात क्लर्क आहे. फरशी बसवून तो निघून गेला आणि पुसायला माणिकबाई राहिली. एका सकाळी ओल्या फरशीवरून तिचा पाय सटकला आणि ती पाठीवर आपटली. हाड मोडलं नाही, नशीब. पण किसनराव दारात आला आणि ती तशी पडलेली पाहिली, तेव्हा ही गेली, असंच त्याला वाटलं. त्या दिवसापासून ती न्हाणीत गेली की तो बाहेर उभा राहून उगाच खाकरायचा. ती आतून विचारायची, "काय होय जी?" तो म्हणायचा, "काई नाई. कफ हाय."

मग गोवर्धननं हुकूम काढला. हाडांच्या डॉक्टरनं फिजिओथेरपीला पाठवलं आहे. तिथल्या मॅडमनं 'आता पडणार नाही' असं लिहून दिलं तरच आईनं बजारात बसायचं. नाही तर घरी.

माणिकबाईसाठी ही जन्मठेप होती. अकोल्याला लागून त्यांचं गाव, दीड एकराचं वावर, त्यात वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, मेथी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. ती भाजी घेऊन माणिकबाई पस्तीस वर्षं जठारपेठेत एका कडुलिंबाखाली बसत आलेली. तिथली गिऱ्हाइकं तिला नावानं ओळखायची, आणि ती त्यांची पोरं कितव्या वर्गात आहेत हे सांगू शकायची. बजारात जागा रिकामी राहिली की दुसऱ्याचं पोतं तिथं पसरतंच. म्हणून जागा धरायला बसवलं कोणाला? किसनरावाला!

आता किसनराव वावरात सोनं पिकवेल, पण विकायला तो अगदीच बिनकामाचा. पहिल्याच दिवशी अनुपमाबाई आल्या. नवरा नामांकित वकील, आता रिटायर. त्यांनी अर्धा किलो वांगी तोलून घेतली आणि म्हणाल्या, "वरून थोडा सांबार टाका."

"काहून?"

"काहून म्हणजे? आजी रोज टाकतात."

"आजी वाटते. मी विकतो."

अनुपमाबाईंनी एक एक वांगं पिशवीतून काढून परत ठेवलं. शेवटचं ठेवताना विचारलं, "आजी केव्हा येणार आहेत?"

दिवसातून वीस माणसं हेच विचारायची. संध्याकाळी किसनराव अर्धं टोपलं तसंच घरी आणायचा आणि दोघं जण रात्रंदिवस वांगी खायचे. तेव्हा बुढीला त्या परीक्षेत पास करून घेणं ही किसनरावाची गरज होती, आणि म्हणूनच तो फोनवर एवढा गरजला.

परीक्षा दिसायला सोपी होती. जुईली मॅडम, वय असेल सत्तावीस, बोलणं गोड, पण परीक्षेत वशिला चालत नाही. हात न टेकवता खुर्चीवरून उठायचं, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवरून टाचेला बोट लावत दहा पावलं चालायचं, आणि एका पायावर दहा आकडे उभं राहायचं. माणिकबाई म्हणाली होती, "एवढंच? हे तं आमच्या खुशीलेबी येते." खुशी म्हणजे नात, पहिलीतली. आणि तिसऱ्या पावलाला आजीबाईंनी पडदा धरला, पडद्याचा रॉड खाली आला आणि रॉडनं पाण्याची बाटली पाडली. मॅडमनं सगळं उचललं आणि शांतपणे सांगितलं, "आजी, तुम्ही सारखं पायांकडे बघताय. समोर बघा. घरी सराव करा, ओट्याला धरून. एकटीनं नाही. पंधरा दिवसांनी, सोमवारी, पुन्हा बघू."

घरी सराव घ्यायला मास्तर तयारच होता. किसनरावानं अंगणात चुन्याची रेघ मारली. आधाराला दाराच्या चौकटीपासून दोडक्याच्या मांडवापर्यंत दोरी बांधली. हातात तुरीची काडी घेतली.

"चाल. टाचेले बोट लाव."

माणिकबाई दोन पावलं चालायची, खाली पाहायची आणि डुलायची. पडल्यापासून तिच्या मनात त्या फरशीची धास्ती बसली होती. पाय कुठं पडतो आहे हे पाहिल्याशिवाय तिला पुढचं पाऊल टाकवत नव्हतं. पण हे ती किसनरावाला सांगणार थोडीच.

"खाली काहून पाहून राहिली?"

"चुना सांडला तुमच्या हातून. वाकडी हाय रेघ."

"रेघ सरयी हाय. तू वाकडी हायेस. हे जाऊ दे. एका पायावर राहाचं, हे असं पाह्य." किसनरावानं धोतर सावरलं आणि एक पाय उचलला. "बगळ्यावानी. दिसलं? आन् मी तं डोये मिटूनबी राहतो."

त्यानं डोळे मिटले.

तीन आकड्यांनी त्याचा हात हवेत दोरी शोधायला लागला. दोरी सापडली. दोरीनं मांडव ओढला, मांडवानं बांबू सोडले, आणि पसाभर पिवळी फुलं, कोवळे दोडके आणि वेल असं सगळंच्या सगळं किसनरावाच्या अंगावर आलं. थोडा वेळ नुसतं चुन्याचं धुकं होतं. मग वेलातून एक हात बाहेर आला.

"मी पडलो नाई," आतून आवाज आला. "मांडव पडला. मी खाली व्हतो."

माणिकबाई इतकी हसली की तिला रेघेवरच बसावं लागलं. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून किसनरावाला राग आला तरी तो एवढंच म्हणाला, "गोवर्धनले सांगू नको."

"नाई सांगत," ती म्हणाली.

कंबर मात्र धरली ती धरलीच. परीक्षेच्या सोमवारी सकाळी वावरात वांग्यांचं टोपलं भरून ठेवलेलं, रस्त्यावर ऑटो उभा, आणि किसनराव वाकला तो वाकलेलाच राहिला. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. माणिकबाईनं लुगड्याच्या फडक्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "एक कड धरा, बस."

"अवं, डॉक्टरनं..."

"डॉक्टर येते का टोपलं न्यायले?"

टोपलं डोक्यावर चढलं आणि ती निघाली. वावरातून रस्त्यावर यायचं तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, यावं लागतं. वीतभर रुंद धुरा, एका बाजूला पाण्याचा पाट, दुसऱ्या बाजूला बोराटीचे काटे. पण माणिकबाई अशी चालली की पाहतच राहावं. पावलापुढं पाऊल, टाचेला बोट, हात मोकळे, मान ताठ. मध्येच पलीकडच्या वावरातल्या मायाला तिनं विचारलंसुद्धा, "झाली का वं सून बायंतीण?" आणि उत्तर ऐकत ऐकत सरळ रस्त्यावर पोचली.

किसनरावाच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. बुढीत काही खोट नाही. तिच्या डोक्यावरचं सामान काढून घेतलं, तिथं गाडी बिघडली! त्यानं ऑटोवाल्याला सांगितलं, "कडुलिंबापाशी नको. सीधा मॅडमच्या दवाखान्यात."

दवाखान्यात वसंतराव वकील आणि अनुपमाबाई आधीच येऊन बसलेले. वकीलसाहेबांची कंबर. महिना झाला, त्यांना वाकून हात गुडघ्यापर्यंत नेता येत नव्हता, आणि ते याचं कारण मॅडमला कायद्याच्या भाषेत समजावून सांगायचे. अनुपमाबाईंनी किसनरावाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

माणिकबाई खुर्चीवरून उठली, झकास. एका पायावर थोडी डगमगली, पण निभलं. पट्टीवर मात्र चौथ्या पावलाला नजर खाली गेली आणि तिनं मॅडमचा खांदा धरला.

"आजी, समोर."

"पाहून राहिली ना बाप्पा."

मॅडमनं पेन उघडलं. माणिकबाईचा चेहरा पडला. कडुलिंबाखाली कोणाचं तरी पोतं पसरलेलं तिला तिथूनच दिसायला लागलं.

"थांबा मॅडम," किसनराव म्हणाला. "तिचं सामान नाई तिच्यापाशी." आणि तो बाहेरून टोपलं फरफटत घेऊन आला.

"आजोबा, हे काय आहे?"

"वांगे."

"ते दिसतंय मला."

"पाच मिनिटं द्या."

मॅडम नाही-नाही म्हणेपर्यंत अनुपमाबाईंनी एका बाजूनं हात दिला आणि टोपलं चढलं. माणिकबाईनं पदर खोचला. दहा पावलं, सुतात. वळली. परत दहा पावलं. जाता जाता अनुपमाबाईंना म्हणाली, "तुमच्यासाठी सांबार खाली ठेवला हाय, वरचा शिळा हाय."

जुईली मॅडमचं पेन तसंच हातात राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "टोपलं असलं की खाली बघताच येत नाही ना. मान वर ठेवावीच लागते." तिनं सगळी वांगी व्यायामाच्या गादीवर ओतायला लावली. "आता रिकामं टोपलं घेऊन चाला."

माणिकबाई चालली. पण तिकडं कोणाचं लक्षच राहिलं नाही, कारण गादीवर ताजी वांगी पडली होती. भिंतीला धरून उभे असलेले पेशंट भिंत सोडून आले. गुडघ्यावर गरम पिशवी घेऊन बसलेल्या एक बाई पिशवी विसरून आल्या. आणि वसंतराव वकील चक्क उकिडवे बसून देठ तपासायला लागले.

"सर!" मॅडम ओरडली. "तुम्हाला तर वाकता येत नाही!"

"ते व्यायामासाठी," वकीलसाहेब मान वर न करता म्हणाले. "ही वांगी आहेत."

तेवढ्यात मॅडमनं टोपलंही काढलं. नुसती चुंबळ. माणिकबाई चालली. मग चुंबळही काढली, आणि माणिकबाई पट्टीच्या तोंडाशी थांबली. रिकामं डोकं, मोकळी फरशी. नजर खाली जायला लागली.

किसनराव कंबर धरत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"पायाकडं काय पायतं?" तो म्हणाला. "मी इकडं हावो."

तिनं मान वर केली. एक, दोन, तीन, चार. चौथं गेलं. पाचवं गेलं. दहाव्या पावलाला ती त्याच्यासमोर होती. किसनरावाचे डोळे भरले, म्हणून तो खाकरला. ती म्हणाली, "कफ हाय वाटते." तिला सगळं माहीत होतं म्हणजे.

मॅडमनं लिहून दिलं. ओझं हलकं, कडुलिंबापर्यंत ऑटो, न्हाणीत धरायला दांडा, फरशीवर रबरी चटई आणि व्यायाम रोज. किसनराव जिंकल्याच्या तोऱ्यात टोपलं उचलायला वाकला, कंबरेनं दगा दिला आणि तो भिंतीवर जाऊन टेकला.

मॅडमनं नवीन कागद घेतला. "आजोबा, इतक्यात तुम्ही कुठं पडला होतात का?"

"मी? नाई."

"ते नाई पडले, मॅडम," माणिकबाई म्हणाली. "मांडव पडला. ते खाली व्हते."

किसनराव पट्टीवर दोन पावलं चालला. तिसऱ्याला पडद्याचा रॉड पुन्हा खाली आला. संध्याकाळी गोवर्धनचा फोन आला: "बाबा, मॅडम लिहून देईपर्यंत तुमचा बजार बंद." बजारातून सुटायला किसनरावानं महिनाभर जीव टाकला, ती सुटका अशी मिळाली.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई बजाराला निघाली. आधी तिनं अंगणातली चुन्याची रेघ नवीन मारली, सरळ. ओट्याजवळ, धरायला भिंत असेल अशी. मग किसनरावाच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीत एक पिकलेलं भेदरं. "मान खाली गेली का हे पडन. संध्याकायी पाहीन."

त्या संध्याकाळी जेवणात भेदऱ्याची चटणी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी मात्र माणिकबाई ऑटोतून उतरायच्या आत किसनराव अंगणात उभा. हातात आख्खं भेदरं, एक ओरखडासुद्धा नाही.

"दहाच्या दहा पावलं," तो म्हणाला. "म्हटलं व्हतं ना, पंधरा दिवसांत तारेवर चालतो."

माणिकबाईनं ते भेदरं हातात घेतलं, फिरवलं, देठाशी नाक नेलं.

"हे कडंच्या वाफ्यातलं हाय," ती म्हणाली. "सकायी मी देल्लं ते विहिरीजवळचं व्हतं. त्याची चटणी कुठी ठेवली?"