पावडरच्या डब्यातला ऊबशोधक

बाळाचे तळपाय गार लागले, एवढंच निमित्त. हीटर चालू, खिडक्या बंद, तरी पाय गार. म्हणजे खोलीतली ऊब कुठून तरी पळत होती आणि माझं लेकरू गारठत होतं. (लेकराने मोजे काढून चघळायला घेतले होते, पण काळजीत पडलेली आई असल्या पुराव्यांकडे बघत नाही.)

थर्मल कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून व्हिडिओ बघून मी घरीच स्कॅनर केला. तापमान ओळखणारा स्वस्तातला सेन्सर, रंग बदलणारा दिवा, आणि हे सगळं बाळाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात. ऊब असेल तिथे लाल, गारवा असेल तिथे निळा.

"पावडर उडतेय त्यातून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, यंत्र आहे ते."

"असू दे. शिंका मला येताहेत."

पहिली चाचणी पेपर वाचणाऱ्या नवऱ्यावर. टकलावर दिवा लालभडक.

"सापडलं," सासूबाई म्हणाल्या. "सगळी ऊब इथून जातेय. टोपी घाल रे."

खिडकीच्या फटी मात्र निळ्या निघाल्या. मी चिकटपट्टी घेऊन सुटलेच. खिडक्या झाल्या, कपाटामागचा कोपरा झाला. (हवेसाठीची वरची जाळी तेवढी सोडली, गुदमरण्याची काळजी वेगळी असते.) तरीही दारासमोरच्या पाळण्यावर डबा रोखला की दिवा निळा. जेव्हा बघायला जावं तेव्हा निळा.

"डॉक्टरांना फोन करू का?"

"आधी तो डबा दे," नवरा म्हणाला, "आणि जरा बाहेर थांब."

दार बंद झालं. ते दोघं बाळापाशी आत, मी पॅसेजमध्ये, दाराला कान लावून. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "लाल झाला गं."

मी दार ढकलून धावले, डबा हिसकावून पाळण्यावर धरला. निळा.

पॅसेजमधला गार वारा माझ्यामागोमाग आत शिरला होता.

"घ्या, गळती सापडली," सासूबाई म्हणाल्या. "घडीघडी दार उघडून 'गारठलं का, गारठलं का' करत येते ती."

मला पुन्हा पॅसेजमध्ये काढून उरलेली चिकटपट्टी त्यांनी दाराच्या फटीला लावली. आतून. मी बाहेर.

बाळ दुपारभर गाढ झोपलं म्हणे. डबा माझ्याच हातात राहिला होता. काहीतरी करायचं म्हणून स्वतःच्या तळपायांवर रोखला. निळाशार. माझे मोजे आत राहिले होते, आणि दार वाजवायची माझी टाप नव्हती.