सिस्टरबाईंची मेणपट्टी

टेंभुर्णीत खोली भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घरमालकीणबाईंनी दार वाजवलं. "सर, चला. राऊंडचा टाईम झाला."

मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. चपला बाहेर काढून, आवाज न करता आत गेलो. स्वयंपाकघरातल्या फळीवर पिवळसर कापडात गुंडाळलेले पाच धपाटे ओळीने निजवले होते. प्रत्येकाच्या उशाशी चिठ्ठी. बेड नंबर एक, काल दाखल. बेड नंबर दोन, परवा दाखल. असं करत पाचव्यापर्यंत.

बाईंनी एकेकाचं कापड उकललं, नाक खाली नेऊन वास घेतला, कडेला बोटाने दाबून पाहिलं. पाचव्या बेडपाशी त्यांचा चेहरा पडला. "हा गेला," त्या म्हणाल्या. "बुरशी चढली." आणि परसात शेवग्याच्या झाडाखाली खड्डा करून त्याला पुरून आल्या. मग हात धुऊन चार नंबरच्या पेशंटाचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "खा. काही न्हाई होत. मी हाय ना हितं."

मी खाल्ला. जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानेच बदलून आलेला, एकटा जीव मास्तर होतो. घरमालकीण म्हणेल ते खाणं भाग होतं.

नाव त्यांचं कौसल्याबाई, पण गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात गेली होती. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलं होतं, उरलेल्या अर्ध्याला त्यांनी सुया टोचल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण लवकर गेली, तेव्हा तिचा पोरगा विशाल बाईंनी आपल्याकडे आणला, वाढवला, शिकवला. तो आता पुण्याकडे एका कंपनीत कामाला होता. घरात बाई एकट्या, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, आणि फळीवर हे पाच पेशंट.

भानगड अशी होती, की सिस्टरबाई दर आठवड्याला ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती विशालला धपाटे पाठवत. तो ड्यूटीतून सुटून पार्सल आणायला जाईपर्यंत दोन-तीन दिवस उलटत. आणि मग फोनवर म्हणे, "मावशी, नको पाठवू, खराब होतात." दुसरी कुठली बाई असती तर तिने पाठवायचं थांबवलं असतं. सिस्टरबाईंनी आजाराचं मूळ शोधायला घेतलं.

"कॅरीबॅगमधी कोंडला की धपाट्याला घाम सुटतो," त्यांनी मला समजावलं. "उघडा ठेवला तं वाळून लाकूड होतो. त्याला श्वासबी पायजे अन् पांघरूणबी पायजे. मंग?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग मेणपट्टी."

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचा एक मधाची पोळी काढणारा माणूस त्यांना मधमाश्यांच्या मेणाचे काळपट गोळे आणून देई. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं होतं आणि ते बाईंनी निभावलं होतं, तेव्हापासून तो यांचा शब्द खाली पडू देत नसे. गोळे पाण्यात उकळायचे, गाळायचे, निवू द्यायचे. वर पिवळीधमक चकती धरते. ती खिसणीवर खिसायची, त्यात थोडी राळ कुटून आणि चमचाभर खोबरेल घालायचं, आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सगळं वितळवायचं. ते ब्रशने कापडावर फासून वरून कागद ठेवून इस्त्री फिरवली की मेण धाग्याधाग्यात उतरतं. दोरीवर टाकलं की मिनिटभरात कापड ताठ होतं. हातात धरून जरा ऊब दिली की पुन्हा मऊ पडतं, धपाट्याच्या अंगाबरोबर बसतं आणि तसंच राहतं. बाई या शेवटच्या कामाला 'ड्रेसिंग' म्हणत.

"धपाटा निवल्याबिगर पट्टी बांधायची न्हाई. आधी ताप उतरू द्या. ताप असताना बांधली तं मेण पाझरतं." हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं, की वर्गात पोरं दंगा करायला लागली की माझ्याच तोंडून निघायचं, "आधी ताप उतरू द्या."

कापड आणण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं घर जुन्या जालन्यात, शनिवारी शाळा सुटली की मी आईकडे जाई. बाईंनी बजावलं होतं, मांजरपाटच पाहिजे, वीण घट्ट, खळ नको. मी ओळखीच्या दुकानात जाऊन कोरा मांजरपाट मागितला, तर दुकानदाराने कात्री खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, मास्तर?" धपाट्यांसाठी पाहिजे, असं मी सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे दर महिन्याला सोसावी लागली.

मेण वितळायच्या दिवशी सगळ्या गल्लीत मधाचा वास सुटे आणि कुठून कुठून माश्या येऊन दोरीवरच्या पट्ट्यांवर बसत. शेजारच्या काकू पदर डोक्यावर घेऊन ओरडत, "ओ सिस्टरबाई, हाकला त्यांना!" बाई शांतपणे म्हणत, "कामून हाकलू? त्यांच्या घरचा सामान हाय. इचारपूस कराया आल्यात." एकही माशी त्यांना कधी चावली नाही. मला तीनदा चावली.

गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक पट्टी पोचली होती. शेजारच्या काकूंनी त्या पट्टीने उकळत्या दुधाचं पातेलं झाकलं, सगळं मेण दुधात उतरलं. बाई त्यांच्या ओट्यावर जाऊन त्या पातेल्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि काकूंना म्हणाल्या, "तुमी पेशंटला जिता उकळला." आठवडाभर दोघींत बोलणं नव्हतं.

मी हसायचो. शाळेत जेवणाच्या सुट्टीत हे सगळं रंगवून सांगायचो. पण खरं सांगायचं तर मला ती सकाळची राऊंड आवडायला लागली होती. तिसऱ्या दिवसाचा धपाटा मऊ लागायला लागला, मग चौथ्या दिवसाचाही. ज्या सकाळी पाचव्या दिवसाचा पेशंट जिवंत निघाला, त्या सकाळी बाईंनी मला साखर दिली.

त्याच आठवड्यात मला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचा हुकूम आला. बाईंना वाटलं, हे जुळूनच आलं. आठ धपाटे, दोन मेणपट्ट्या, लसणाची चटणी वेगळी. "ट्रॅव्हल्सवाला न्हाई, माझा माणूस चाललाय," त्या काकूंना सांगत होत्या. मला म्हणाल्या, "सर, फक्त एक करा. तो खाताना तुमी समोर बसा. अन् मला बराबर रिपोर्ट द्या. तो फोनवर अर्धं बोलतो, अर्धं गिळतो."

विशाल चांगला पोरगा निघाला. मला घ्यायला कोपऱ्यापर्यंत आला, पाया पडला. तिघं मित्र मिळून एका खोलीत राहत होते. पिशवी पाहून तो जरा ओशाळला.

"सर, एक सांगू का? रागवू नका. हे खराब होत नव्हते. कधीच न्हाई झाले."

"मग?"

"मीच म्हणायचो तसं. मावशी पहाटे उठून करते, हात दुखतात तिचे. नको म्हटलं तर ऐकत न्हाई. अन् खरं म्हणजे मला आता जात न्हाई हो ते. पोरं हसतात. मी खालच्या वॉचमनला देतो, तो लई खुशीनं खातो." त्याने कपाट उघडून दाखवलं. आजवरच्या सगळ्या मेणपट्ट्या घडी घालून एकावर एक ठेवल्या होत्या. टाकायला त्याचा हात धजावला नव्हता. "तुम्ही मोठे आहात, सर. तुम्हीच समजावून सांगा तिला."

मी हो म्हणालो. आम्ही खाली जाऊन टपरीवर चहा प्यालो, त्याने मला रिक्षात बसवून दिलं. तासभर मी त्याच्याबरोबर होतो.

टेंभुर्णीच्या गाडीत मी सगळी वाक्यं जुळवली होती. पण बाई ओट्यावरच बसल्या होत्या. माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाल्या, "सांगा."

"छान आहे तो," मी म्हणालो.

"ते राहू द्या. धपाटे कसे निघाले?"

"ताजे. एकदम ताजे."

"त्यानं खाल्ले?"

इथे थांबायला हवं होतं. इथे नुसता गप्प जरी बसलो असतो तरी चाललं असतं. बाई पुढे झुकल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि चेहऱ्यावर ते, जे आजाऱ्याच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं.

"खाल्ले की."

"किती?"

"दोन... नाही, तीन."

"कशासंग?"

"दह्याबरोबर."

"दही कुठून आणलं त्यानं?"

"खालून. डेअरीतून."

"काय म्हन्ला?"

"म्हणाला, मावशीच्या हातची चव इथे कुठे मिळणार."

बाई उठल्या आणि घरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते. "ट्रीटमेंट लागू पडली, सर," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी आपण काहीतरी पुण्याचं काम केलं असं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्याच पार्सलला आठाचे सोळा धपाटे झाले. विशालच्या खोलीतल्या पोरांनाही पुरायला नकोत का? मोठं पार्सल, म्हणून मोठी पट्टी. मोठी पट्टी, म्हणून मोठं पातेलं. मी शाळेतून येई तेव्हा बाई घामाघूम होऊन इस्त्री फिरवत असत. "सिस्टर, जरा दमानं घ्या," मी म्हणायचो. खरं सांगायला रोज उद्याचा दिवस ठरवायचो. विशालचाही मला एकदा फोन आला. मी उचलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वितळलेल्या मेणाचा डबा पातेल्यातून काढताना त्यांच्या हातातून सुटला. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत मेण सांडलं आणि तिथेच थिजलं. काकूंची किंकाळी ऐकून मी धावलो. बाई मोरीत हात नळाखाली धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ओढून काढू नका. कातडी निघल. पानी चालू ऱ्हाऊ द्या." दवाखान्यात नव्या सिस्टरला पट्टी कशी बांधायची तेही यांनीच सांगितलं.

काकूंनी विशालला कळवलं. तो दुसऱ्याच दिवशी आला. वर्षभरात पहिल्यांदाच येत होता. मावशीचा हात पाहिला आणि त्याचा तोल गेला.

"कशासाठी करते हे? मी न्हाई खात ते! एकपण न्हाई खात! सरांना सांगितलं होतं मी, तुला सांगा म्हणून!"

काकू दारात होत्या. मी खाटेजवळ उभा होतो. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, तेवढ्यात त्यांना सगळं कळलं असावं. त्या रागावल्या नाहीत. विशालला म्हणाल्या, "ओरडू नको बाळा. बस. पाणी पी."

दोन दिवस राहून तो गेला. फळी रिकामी झाली. सकाळी माझं दार वाजेनासं झालं. मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा बाईंनी चहा दिला, शाळेचं विचारलं, आणि माझ्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. त्या घरात मी पुढे आणखी वर्षभर होतो. भाडेकरू म्हणून त्यांनी मला काही कमी पडू दिलं नाही. पण राऊंडला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि मधाचा तो वास त्या गल्लीत पुन्हा आला नाही.

विशाल गेल्यावर आठवड्याभराने त्या माझ्या दाराशी आल्या. हात गळ्यातल्या झोळीत.

"सर, एक इचारायचं व्हतं. तुमी पुण्याला गेल्ते ना, तवा तो काय खात व्हता?"

"म्हणजे?"

"धपाटे खात न्हाई, ते ठीक हाय. त्याची मर्जी. पण मंग खातो काय? मी त्याला इचारलं तं म्हन्तो, 'जेवतो की.' हाडं निघालेत त्याचे, पाह्यले ना तुमी? तुमी तिथं जाऊन आले. गॅस व्हता का खोलीत? भांडेकुंडे?"

मी आठवून पाहिलं. कपाट आठवलं, खिडकीत वाळत टाकलेला शर्ट आठवला, पंखा आठवला. गॅस होता की नव्हता, कोपऱ्यात एखादी कढई तरी होती की नव्हती, काही आठवेना. तासभर मी त्या पोराच्या समोर बसलो होतो आणि तू जेवलास का, एवढंही विचारलं नव्हतं.

"माझं लक्ष नव्हतं, सिस्टर," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. झोळी सावरून गेल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जालन्याला जायला निघालो तर स्टँडवर सिस्टरबाई. इस्त्रीचं पातळ, दुखऱ्या हाताची झोळी, आणि चांगल्या हातात फक्त एक छोटी पर्स. पुण्याला निघाल्या होत्या. विशालने कधी बोलावलं नव्हतं म्हणून आजवर गेल्या नव्हत्या.

"सामान कुठाय?" मी विचारलं.

"काही न्हाई घेतलं. त्याला आवडत न्हाई."

गाडी आली. मी हात दिला, तो त्यांनी धरला आणि वर चढल्या. खिडकीशी बसल्यावर मी विचारलं, "परत कधी येणार?"

"त्याला एकडाव पोटभर जेवताना पाह्यलं, की येते."