मुकादमाचे डोळे

ताईने कासवाचा खोका टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्या भावाने आधी वही काढली. विमा कंपनीत तीस वर्षं नुकसानीच्या तपासण्या करून निवृत्त झालेला हा तपासनीस. सख्ख्या बहिणीची वस्तूसुद्धा तो लेखी नोंद केल्याशिवाय ताब्यात घेत नसे.

"लेकीच्या बाळंतपणाला चाललेय, म्हणून महिनाभर सांभाळायला देतेय," ताई म्हणाली. "जप्तीचा माल नाहीये तो."

"पुढे वाद नकोत," असं म्हणून त्याने लिहायला घेतलं. 'कवच : डावीकडे जुना ओरखडा, एक. मागील उजव्या पायाचे एक नख अर्धे. शेपूट : आहे. डोके : आत. तपासता आले नाही.' खाली त्याने ताईची सही घेतली. ताईनेही पर्समधून एक चिठ्ठी काढून त्याची सही घेतली. तीत आहार लिहिला होता : सकाळी काकडी, संध्याकाळी काकडी. संशय या भावंडांना वडिलांकडूनच मिळाला होता आणि दोघांना अगदी सारख्या वाटणीने.

कासवाचं नाव मुकादम. भावोजींनी हौसेने आणलेलं, त्यांनीच ठेवलेलं नाव. भावोजींना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता ताईच्या घरात तिचं बोलणं ऐकून घ्यायला मुकादम तेवढा उरला होता. "याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस," असं ती जिना उतरताना म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं आणि तपासनीसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पापण्या चिकटलेल्या. मुकादमाने मान वळवून काकडीच्या दिशेने तोंड मारलं ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

"ताईने बिघडलेला माल दिला," तो बायकोला म्हणाला. "मुद्दाम. डोकं आत असतानाच आणला."

"डोकं काय वन्संनी आत ढकललं?"

"मग इथे आल्यावर झालं असेल. काल फरशी कशाने पुसलीस?"

"पाण्याने."

"नुसत्या पाण्याने? की त्यात काही टाकलं होतंस? नीट आठवून सांग. मी लिहून घेतोय."

बायकोने फडकं खाली ठेवलं. "लिहा. नवऱ्याने सकाळी साडेसातला बायकोचा जबाब घेतला. चहा : मिळणार नाही."

तो दिवस त्याने पुरावे गोळा करण्यात घालवला. वरच्या मजल्यावरचा माणूस भिंती घासत होता, म्हणून बाल्कनीतली धूळ कागदात घेतली. अगरबत्तीच्या पुड्यामागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. पण कुठल्याही बाजूने गेलं तरी वाट शेवटी त्याच्याच वहीपाशी येत होती. 'तपासता आले नाही' असं लिहून माल ताब्यात घेणाऱ्या माणसाला त्याने स्वतः तीस वर्षांत कधी सोडलं नव्हतं. ताई तरी का सोडेल?

त्यात ताईचा रोज व्हिडिओ कॉल. तपासनीस फोन मुकादमाच्या मागच्या बाजूने धरायचा.

"रोज शेपूटच का दाखवतोस रे?" तिसऱ्या दिवशी ताईने विचारलं.

"तो तिकडे तोंड करून बसलाय."

"मग तू तिकडे जा ना."

"तिकडे भिंत आहे," असं म्हणून त्याने रेंज गेल्याचं नाटक केलं. लगेच बायकोच्या फोनवर ताईचा फोन आला. भिंत नक्की कुठे आहे, हे तिला वहिनीकडून पडताळून घ्यायचं होतं.

शेवटी त्याने मुकादमाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पापण्या हळूच ओल्या केल्या, आत पाहिलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

"कशासाठी विचारताय?"

"औषध ठरवण्यासाठी."

त्याने जपून ताईची चिठ्ठी पुढे केली. ती वाचून बाईंनी कागद उलटा करून पाहिला. "एवढंच? काकडी म्हणजे जवळपास पाणीच. जीवनसत्त्व अ पोटात जात नाही, मग डोळे असे सुजतात. हे काही एका रात्रीत झालेलं नाही. दोन-तीन वर्षं तरी चाललं असेल."

"हे लिहून द्याल? तारखेनिशी?"

"देते. पण आधी डोळ्यांत औषध घाला. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा. काकडी बंद. लाल भोपळा, गाजर, हिरवा पाला द्या."

निर्दोषत्वाचा कागद खिशात पडला आणि तपासनीसाला हायसं वाटलं. पण डोळ्यांत औषध घालायचं काम भलतंच निघालं. तपासनीस ड्रॉपर घेऊन जवळ आला की मुकादम डोकं आत घ्यायचा, आणि हा उठला की बाहेर काढायचा. बायको ताट वाढून हाक मारायची, तरी दोघे एकमेकांची वाट पाहत बसलेले असायचे. आपल्याहून संशयी जीव त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडू लागला होता.

महिन्याच्या शेवटी मुकादमाचे डोळे उघडले. काळेभोर, मण्यांसारखे. भोपळ्याची फोड दिसली की तो तुरुतुरु चालत यायचा.

ताई आली. चपला काढायच्या आधीच तिने खोक्यात डोकावलं. मुकादमाने वर पाहिलं. ताई एक पाऊल मागे सरकली.

"हा आपला नाही."

"ताई, ओरखडा बघ, नख बघ, तुझी सही बघ—"

"ओरखडा कोणीही काढेल. याचे डोळे उघडे आहेत." ताई खोक्याकडे बघतच म्हणाली. "हे गेले त्यानंतर मुकादमाने डोळे मिटले, ते आजपर्यंत उघडले नाहीत. खायचा ते डोळे मिटून, चालायचा तेही डोळे मिटून. त्या घरात माझ्याइतकं वाईट त्याला एकट्याला वाटलं होतं. आणि तू मला असला टकामका बघणारा दाखवतोस?"

तपासनीसाचा हात खिशात गेला. कागद तिथेच होता, तारीख, सही, शिक्का सगळ्यासकट. बायको दाराशी उभी राहून त्या हाताकडे पाहत होती. त्याने कागदाची घडी आणखी लहान केली आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"तोच आहे, ताई," तो म्हणाला. "आता त्याला जरा बरं वाटायला लागलंय."

"महिन्याभरात? माझ्याकडे तीन वर्षं नाही वाटलं, आणि तुझ्याकडे महिन्यात?" ताईने डोळे बारीक केले. "काय दिलंस त्याला? खरं सांग."

"भोपळा."

"आणि?"

"आणि रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवलं. बस. बाकी काही नाही."

ताईने त्याचा चेहरा निरखून पाहिला. मग खाली बसली आणि तिने बोट पुढे केलं. मुकादमाने ते हुंगलं, मान लांब केली आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. ताईने पदराने नाक पुसलं.

निघताना तिने खोका उचलला. दारात थांबून, कोणी ऐकत तर नाही ना, असं जिन्यात डोकावून पाहिलं.

"भोपळा आहे का रे उरलेला?"

"आहे. मुकादमापुरता बांधून देतो."

"दोन फोडी दे," ताई म्हणाली. "त्याची वेगळी बांध."